पाचव्या लाइनचा लाल दोरा

जबाब देणाऱ्याचे नाव : सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. धंद्यात व घरात 'घंटीवाला' म्हणून ओळख.
वय : ५२ वर्षे.
व्यवसाय : इमारतींच्या अलार्म यंत्रणेचे आराखडे काढणे व वायरिंग करणे.
पत्ता : पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, जिन्याजवळचे दार.

मी आज मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही व कोणी पढवून पाठवलेले नाही. अंमलदारांसमोर बसून, पूर्ण शुद्धीवर राहून सांगतो की,

मी पत्नीसह वरील पत्त्यावर राहतो. अठ्ठावीस वर्षे हेच काम करतो. दुकाने, गोदामे, दोन शाळा व एक दवाखाना यांच्या अलार्मचे आराखडे मी काढलेले आहेत. रविवारपासून आपल्या कोठडीत असलेला पहारेकरी हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे दाजी. शनिवारी कोल्ड स्टोरेजच्या तिसऱ्या थंड खोलीत मरण पावलेली बाई ही माझी बहीण. तिला मी ताई म्हणतो. दाजींच्या जबाबात असे वाक्य आहे की, 'जेवणानंतर माझा डोळा लागला असावा व घंटी वाजलेली मला कळली नसावी.' हे वाक्य खरे नाही. घंटी वाजलीच नाही. ती का वाजली नाही हे एकट्या मला माहीत आहे, आणि ते सांगायला यायला मला तीन दिवस लागले.

अंमलदारांनी सुरुवातीपासून सांगा म्हटल्यावरून सुरुवातीपासून सांगतो.

सदर कोल्ड स्टोरेज तळमजला व वर एक मजला असे आहे. पुढे लोखंडी फाटक. फाटकातून आत आल्यावर उजव्या हाताला पहाऱ्याची खोली, तिच्यात एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर अलार्मचे पॅनेल. समोर पॅकिंगचा हॉल. हॉलच्या मागे आडवा बोळ आणि बोळात ओळीने तीन थंड खोल्या. तिसरी सर्वांत आत. तिथे गोठवलेले मटार व मका उणे अठरा अंशांवर ठेवतात. भिंती पत्र्याच्या, मध्ये जाड फोम. आत मोबाइल चालत नाही व आतली हाक बाहेर येत नाही. आराखडा काढताना मी हे स्वतः तपासले होते. ताई आत उभी राहून ओरडली व मी बाहेरून दाराला कान लावला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एवढा घसा फोडून तुला शिव्या घातल्या, एकही ऐकू नाही आली? मग आता रोज येऊन घालते." आम्ही दोघे हसलो. हे लिहिण्याची गरज आहे का, असे अंमलदारांनी विचारले. मी गरज आहे म्हटले.

हे काम मला दाजींमुळे मिळाले. ते तिथे नऊ वर्षे पहाऱ्यावर आहेत. ताई सहा वर्षे साफसफाईला व खोल्यांचे तापमान वहीत लिहायला होती. मॅनेजरांनी अलार्म बसवायचे काढले तेव्हा दाजी त्यांना म्हणाले होते, "मेहुणा आहे म्हणून सांगत नाही साहेब, पण त्यानं लावलेली घंटी कधी उगाच वाजली नाही आणि वाजायची कधी राहिली नाही." हे मला मॅनेजरांनी नंतर सांगितले. ऐकून मला बरे वाटले होते.

माझी कामाची एक पद्धत आहे. कागद-पेन्सिल हातात घेण्याआधी मी इमारतीत एक दिवस नुसता फिरतो. चोर म्हणून फिरतो. कुठून चढता येईल, कुठे अंधार आहे, कुठली खिडकी ढिली आहे, कुत्रे कुठे बांधलेले असते. या इमारतीतही फिरलो. मागच्या भिंतीवरून चढून पाहताना माझी पँट फाटली. ताई म्हणाली, "त्या चोरांची एवढी काळजी त्यांच्या आईनंसुद्धा केली नसेल रे." ती बोलली ते बरोबरच होते. चोर आत कसा येईल यावर मी आठ दिवस घालवले. आत अडकलेला माणूस बाहेर कसा येईल, यासाठी आराखड्यात एकच लाइन आहे. ती पाचवी.

एकूण सात लाइन आहेत. पुढची दारे, खिडक्या, हॉल, ऑफिस, धूर आणि मागचे फाटक यांच्या सहा, आणि पाचवी थंड खोल्यांची. पाचव्या लाइनवर तीन बटणे आहेत, प्रत्येक खोलीत दाराशेजारी एक. कोणी आत अडकले तर त्याने बटण दाबायचे. बटण दाबले की पहाऱ्याच्या खोलीत पॅनेलवर लाल दिवा लागतो व घंटी वाजते. ही बटणे मी मुद्दाम अशी निवडली की एकदा दाबले की ते आत रुतून बसते व किल्ली फिरवल्याशिवाय वर येत नाही. म्हणजे मागाहून कोणी 'मी दाबले होते', 'नाही दाबले' असा वाद घालू नये.

आता जे सांगतो ते नीट लिहून घ्यावे. पॅनेलपासून दोन तारा निघतात, पहिल्या खोलीच्या बटणाला भेटतात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या बटणाच्या डबीत, म्हणजे लाइनच्या अगदी शेवटी, तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर बसवतात. पॅनेल दिवसरात्र त्या तारांतून थोडा करंट पाठवत राहते. तो शेवटच्या दाण्यापर्यंत जाऊन परत आला की पॅनेल समजते की तार शाबूत आहे, आणि हिरवा दिवा ठेवते. तार मध्ये कुठेही तुटली तर पिवळा दिवा लागतो. पण तोच दाणा कोणी पॅनेलच्या आतच, तारेच्या सुरुवातीला बसवला, तर पॅनेलला वाटते की सगळे ठीक आहे. पुढे तार असो वा नसो, हिरवा दिवा जात नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे याला चोरी म्हणतात. मी स्वतः दोन माणसांना याच कारणावरून कामावरून काढले आहे.

तिसऱ्या खोलीची तार छतावरून आणून बाहेरच्या भिंतीतून भोक पाडून आत घ्यायची, असे माझ्या आराखड्यात होते. खोली बसवणाऱ्यांची हमी जाईल म्हणून मॅनेजरांनी भोक पाडू दिले नाही. म्हणून मी तार दाराच्या चौकटीतून, बिजागरीच्या बाजूने आत घेतली. थंडीत चालणारी वेगळी वायर असते, ती मागवली होती, यायला दोन आठवडे होते. तोवर साधी वायर टाकली. साधी वायर उणे अठरावर कडक होते आणि वाळक्या शेंगेसारखी तडकते. दार उघडले की ती वाकणार, मिटले की पुन्हा वाकणार. हे मला तेव्हाही कळत होते. आराखड्यावर त्या जागी मी पेन्सिलीने 'तात्पुरते' असे लिहिले. आराखड्याची प्रत सोबत जोडतो. अक्षर माझेच आहे.

अकरा आठवड्यांपूर्वी, सोमवारी, काम ताब्यात द्यायचे होते. अकरा वाजता विम्याचे साहेब तपासणीला येणार होते. दहा वाजल्यापासून पाचव्या लाइनचा पिवळा दिवा लागत होता आणि जात होता. दार उघडले की लागे, मिटले की जाई. तार आतून पिचली होती पण पुरती तुटली नव्हती. मॅनेजर दर पाच मिनिटांनी येऊन बघत होते. दहा चाळीसला ते म्हणाले, "आज पिवळा दिसला तर पुढची तारीख महिन्यानं मिळते. बघा काहीतरी." दाजी शेजारी उभे होते. ते म्हणाले, "काळजी नका करू साहेब, त्याला काहीच अशक्य नाही." मी त्यांना चहा सांगायला पाठवले. ते गेल्यावर तिसऱ्या खोलीतल्या डबीतून आणलेला दाणा मी पॅनेलच्या आत पाचव्या लाइनच्या स्क्रूखाली बसवला. पिवळा दिवा गेला. विम्याच्या साहेबांसमोर तिन्ही बटणे दाबून दाखवली. तिसऱ्या खोलीचे दार मिटून घेतले की तार चिकटत होती, त्यामुळे तिन्ही वाजली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

माझी दुसरी एक सवय सांगणे जरूर आहे. तात्पुरते काही करून ठेवले की मी त्या स्क्रूला लाल दोरा बांधतो. दोरा दिसला की काम राहिले आहे हे विसरता येत नाही. दोऱ्याचे रीळ ताईनेच दिलेले आहे, तिच्या शिलाई मशीनचे. "घे, तुझ्या विसराळूपणाला," असे म्हणून दिले होते. दाजींना ही सवय माहीत आहे, माझ्या घरच्यांना माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांत एकही लाल दोरा मी रविवारपर्यंत राहू दिला नव्हता. त्या सोमवारी पाचव्या लाइनच्या स्क्रूला दोरा बांधून मी पॅनेलचे झाकण लावले.

मग शाळेचे काम आले. मग पत्नीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. थंडीतली वायर तिसऱ्या आठवड्यात आली. ती माझ्या घरी माळ्यावर आहे, बंडल फोडलेले नाही. फार तर अर्ध्या दिवसाचे काम होते. अंमलदारांनी विचारले की मग का केले नाही. खरे सांगायचे तर मला त्या खोलीत जाऊन तो दाणा परत त्याच्या जागी लावताना कोणी पाहू नये असे वाटत होते. म्हणून सगळे घरी गेल्यावर, एखाद्या सुटीच्या दिवशी, असे करत चालढकल केली. बाकी कारणे मी नंतर जमवली.

आणखी एक. यंत्रणा दर महिन्याला तपासायची असा नियम मीच लिहून दिला होता. दाजी पॅनेलसमोर उभे राहणार व ताई एकेक बटण दाबणार. पहिला महिना भरला तेव्हा दाजींचा फोन आला, "काय रे, आज वाजवून बघू का सगळं?" मी म्हणालो, "थांबा दाजी, पाचव्या लाइनचं थोडं काम आहे, मीच येऊन बघतो." ते म्हणाले, "बरं बरं. तू म्हणतोस तर थांबतो." त्यानंतर त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी हेच सांगितले. म्हणजे तपासणी दाजींनी चुकवली असे जे मॅनेजरांच्या जबाबात आहे, तेही खरे नाही. मी थांबवली.

चार आठवड्यांपूर्वी ताई व दाजी आमच्याकडे जेवायला आले होते. ताट वाढताना ताई म्हणाली, "तिसऱ्या खोलीची आतली मूठ फिरत नाही रे आता. बर्फ धरलाय की मोडलीय कोण जाणे. मॅनेजर म्हणतो बटण आहे ना." मी म्हणालो, "आहेच की. अडकलीस तर एकदा दाबायचं आणि गप बसून राहायचं. ओरडायचं नाही, दार बडवायचं नाही, दम वाया जातो. दाजी चाळीस पावलांवर बसलेले असतात. मिनिटभरात येतात." दाजी म्हणाले, "मिनिट कशाला लागतंय?" ताई म्हणाली, "तुमचे गुडघे बघता दोन धरते." त्या वेळी तो लाल दोरा माझ्या डोळ्यासमोर आला होता. मी भात मागितला.

शनिवारचा प्रकार मी पाहिलेला नाही. दाजींकडून व भाचीकडून कळले ते सांगतो. शनिवारी अर्धा दिवस असतो. एक वाजता सगळे जातात. ताई शेवटी तिन्ही खोल्यांचे तापमान लिहिते व मागच्या फाटकाने परस्पर लेकीकडे जाते. दाजींची पाळी सहापर्यंत असते. म्हणून ती दिसली नाही यात दाजींना काही वावगे वाटले नाही. तिसऱ्या खोलीचे दार जड आहे व आपोआप मिटते, म्हणून आत जाताना ती दाराला एक रिकामा क्रेट लावत असे. तो क्रेट आत सापडला. पाय लागून सरकला असावा असा माझा अंदाज आहे. वहीत पहिल्या दोन खोल्यांचे तापमान लिहिलेले आहे, वेळ एक वाजून बारा मिनिटे.

सहाला पाळी संपवून दाजी लेकीकडे गेले. ताई तिथे आलेलीच नव्हती. दाजी व जावई परत आले व सहा चाळीसला त्यांनी तिसरे दार उघडले. ताई दाराशेजारी क्रेट पालथा घालून त्यावर बसलेली होती. तोंड दाराकडे. उजवा हातमोजा काढून मांडीवर ठेवलेला होता. बटण आत रुतलेले होते. दारावर हात आपटल्याच्या काही खुणा नाहीत, हे आपल्या पंचनाम्यातही आहे. दाजी मला दवाखान्याच्या बाकावर म्हणाले, "मला वाटलं उशीर झाला म्हणून रुसून बसलीय. मी म्हणालो, चल, चुकलं माझं."

दवाखान्यात मी तिला पाहिले. तिचे पाय जुळवून ठेवलेले होते, लहानपणी वर्गात बसायची तसे. मी सांगितले होते त्याप्रमाणे ती बसून राहिली होती. ताईने आयुष्यात माझे कधी ऐकले नाही. लग्न ठरवताना नाही, घर बदलताना नाही, गुडघ्याचे औषध घेताना नाही. हे एवढे ऐकले.

शनिवारी गडबडीत मॅनेजरांनी किल्ली फिरवून बटण मोकळे केले. त्यात त्यांचा काही वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. बटण दाबले की ते मोकळे करायचे, एवढेच त्यांना मी शिकवले होते. ते रुतलेलेच राहिले असते तर पॅनेलवरचा हिरवा दिवा तेव्हाच कोणाच्या तरी नजरेत आला असता. रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी मला यंत्रणा पाहायला बोलावले. आपल्या ठाण्याचे दोघे जण हजर होते. मी पॅनेलचे झाकण उघडले. लाल दोरा तसाच होता, धूळ बसून जरा काळपट झालेला. ते दोघे मॅनेजरांशी बोलत होते. मी दोरा सोडवून खिशात घातला. दाणा तिथेच राहू दिला. दोरा नसेल तर तो दाणा कोणी, कधी लावला हे कोणी सांगू शकत नाही. दोरा असेल तर तो माझा आहे आणि मला माहीत होते, हे उघड होते.

मग मला विचारण्यात आले की यंत्रणा चालू आहे का. मी पहिल्या खोलीचे बटण दाबून दाखवले. घंटी वाजली. तार तिसऱ्या खोलीच्या दारात तुटलेली आहे, त्यामुळे पहिली दोन बटणे वाजणारच. तिसरे दाबा असे कोणी म्हणाले नाही. त्या खोलीकडे जायची कोणाचीच इच्छा नव्हती. मीही म्हणालो नाही. मग विचारण्यात आले की वाजलेली घंटी पहारेकऱ्याला बंद करता येते का. मी येते म्हणालो. झोपेत हात लागून बंद होऊ शकते का. मी होऊ शकते म्हणालो. मग माझ्या छापील कागदावर 'सातही लाइन सुस्थितीत आहेत' असे लिहून सही करून दिली. त्या कागदावरून तासाभरात दाजींना इथे आणले. तो कागद खोटा आहे. मी तो मागे घेतो.

सोमवारी ताईला निरोप देताना दाजींना तासभर सोडले होते, सोबत दोन शिपाई होते. भाची वडिलांपासून लांब उभी होती. कोणीतरी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, वडिलांना दे म्हणून. तिने तो खाली ठेवला. दाजींनी ते पाहिले. मग ते माझ्याकडे आले व त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, "तुझी बहीण घालवली रे मी." पुढे म्हणाले, "मला आठवत नाही झोपल्याचं. पेपर वाचत होतो असंच वाटतंय. पण तुझं मशीन चुकत नसतं. म्हणजे मीच चुकलो. जेवल्यावर लागतो कधी कधी डोळा." आणि मग मलाच म्हणाले, "तू नको त्रास करून घेऊ. तू तुझं काम चोख केलंस."

तेव्हा सांगायचे होते. ते राहिले. घरी येऊन पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन सांगणार की मी सांगू?" म्हणून आज आलो आहे. लाल दोरा, वायरचे न फोडलेले बंडल आणि आराखड्याची मूळ प्रत मी हजर करत आहे. तिसऱ्या खोलीचे सील पंचांसमक्ष काढून ते बटण दाबून पाहावे. ते वाजणार नाही. पॅनेलवर हिरवा दिवा तसाच राहील.

माझ्याविरुद्ध जे कलम लागेल त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. या जबाबाची एक प्रत भाचीला द्यावी. मी स्वतः जाऊन सांगायला हवे, पण तिच्या दारात उभे राहण्याची ताकद माझ्यात नाही. तिने वडिलांना पाणी द्यावे एवढेच माझे म्हणणे आहे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर, हे दाजींना माझ्यासमोर वाचून दाखवावे अशी मी विनंती केली. ठाण्याच्या साहेबांनी परवानगी दिली. दाजींना बाहेर आणले. त्यांनी उभ्यानेच सगळे ऐकले. ऐकून झाल्यावर ते अंमलदारांना म्हणाले, "साहेब, हे फाडून टाका. मला सोडवायला खोटं बोलतोय हा. बहीण गेलीय, आता मीही जाईन म्हणून घाबरलाय. पण असलं काम हा करायचा नाही. याला मी तीस वर्षं ओळखतो." अंमलदारांनी सांगितले की जबाब फाडता येत नाही. दाजी म्हणाले, "मग माझं लिहून घ्या, की हा खोटं बोलतोय."

मी टेबलावरचा दोरा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. नुसते वाकून पाहिले. ताईच्या रिळाचा रंग त्यांना माहीत आहे. त्यांनी विचारले, "कधीपासून?" मी म्हणालो, "पहिल्या दिवसापासून. तुम्ही चहा सांगायला गेला होता तेव्हा." ते खाली बाकावर बसले. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही जागेच होता. पेपरच वाचत होता. तुमचा काही दोष नाही."

त्यांना सुटल्यासारखे वाटेल अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "ते तिला कुठं माहीत होतं? तिनं बटण दाबलं. तिला वाटलं, मला ऐकू गेलंय. ऐकू जाऊनही मी आलो नाही, असंच समजून गेली ना ती."

अंमलदारांनी पेन खाली ठेवले होते. मी लिहा म्हटल्यावरून हे लिहिले आहे. दाजींना आत नेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

हा जबाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवण्यात आला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, कोणी काही घातले वा गाळलेले नाही, म्हणून सही करतो. सहीपूर्वी एक नोंद करून घ्यावी. वर जेवणाच्या प्रसंगात 'चाळीस पावले' असे आले आहे. मी ताईला तेवढीच सांगितली होती, म्हणून ते वाक्य तसेच ठेवावे. पण तो आकडा मी अंदाजाने बोललो होतो. आज इथे येण्याआधी मॅनेजरांची परवानगी घेऊन, दाजींच्या खुर्चीपासून तिसऱ्या दारापर्यंत मी स्वतः चालून मोजली. ती एकतीस आहेत.